पितळी पानाच्या डब्यावरचं हिरवं परत परत येतंय? लिंबू-मीठ आधी बाजूला ठेवा

आधी लक्षणं. डबा खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात घ्या आणि यातलं काय जुळतं ते बघा.

– बिजागरीच्या खाचेत, नक्षीच्या रेषांत, कड्यांच्या मुळाशी निळसर-हिरवा, मेणासारखा थर आहे. काडी लावली की माखतो.

– फिकट, जवळजवळ पोपटी भुकटीचे ठिपके आहेत. पुसले की जातात, खाली टाचणीच्या टोकाएवढा खड्डा दिसतो आणि आठ-पंधरा दिवसांत ठिपका त्याच जागी पुन्हा उगवतो.

– घासून झाल्यावर पिवळ्या पितळेत मधेच तांबूस-गुलाबी डाग राहतात.

– दुकानातून आणलेला डबा वर्षभर चकचकीत होता, आता त्यावर बोटांचे ठसे उमटल्यासारखे किंवा जाळ्यासारखे काळपट फाटे दिसतात, आणि ते कितीही घासले तरी जात नाहीत.

– नक्षीत किंवा तळाच्या कोपऱ्यात पांढरं, कडक कवच आहे.

– काठाला किंवा झाकणाच्या वळणावर केसासारखी भेग आहे.

– सगळीकडे सारखाच तपकिरी-काळपट रंग आहे, हाताला गुळगुळीत लागतो.

यातलं शेवटचं लक्षण म्हणजे दुखणं नव्हे. ते जुन्या पितळेचं कातडं आहे. हवेतल्या प्राणवायूने आणि थोड्या गंधकाने पृष्ठभागावर तयार झालेला हा घट्ट थर खालच्या धातूला झाकून ठेवतो. तुमच्या डब्यावर एवढंच असेल तर कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा आणि डबा जागेवर ठेवा. पुढचं वाचायची गरज नाही. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर तिथले दिवे आणि अडकित्ते नीट बघा. जुनी वस्तू जुनी दिसण्यात काय सौंदर्य असतं ते तिथे कळतं.

बाकीची लक्षणं असतील तर कामाला लागू. मी गेली कित्येक वर्षं घरचे, नात्यातले आणि ओळखीच्यांचे पितळी डबे दुरुस्त करते आहे. पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, दागिन्यांच्या पेट्या, अत्तराच्या डब्या. तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "गणपतीला घासला होता, दिवाळीपर्यंत पुन्हा हिरवा." आणि कारणही बहुतेक वेळा एकच निघतं. हिरवं ज्याने येतं तेच आपण साफसफाईच्या नावाखाली डब्याच्या खाचांत भरत असतो.

आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे, कळकणं. पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, म्हणून आई ओरडायची. आंबट पदार्थ तांबं विरघळवतो आणि त्याचा तो हिरवट कळंक बनतो. डब्यावर होतं तेही याच जातीचं. फरक एवढाच की ताक फेकून देता येतं आणि डब्याच्या सांध्यात अडकलेलं लिंबू-मीठ तिथेच राहतं.

मीठ यात सगळ्यात वाईट. मिठातला क्लोराइड तांब्याशी जुळून एक पांढुरका, अस्थिर क्षार तयार करतो. दमट हवा लागली की त्या क्षाराची हिरवी भुकटी होते आणि सोबत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल शेजारचं ताजं तांबं खातं, पुन्हा तोच क्षार बनतो, पुन्हा हवा, पुन्हा भुकटी. नवीन मीठ न घालताही हे चक्र फिरत राहतं, म्हणूनच पुसलेला ठिपका परत येतो. हवेतली आर्द्रता ४०-४५ टक्क्यांच्या वर गेली की चक्राला वेग येतो, आणि पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात ती ८० च्या वर असते. रत्नागिरी, मालवण, पणजीकडच्या घरांत तर वाराच खारा.

आता तपासण्या. क्रम मोडू नका. पहिल्या चारांना एक पैसा लागत नाही, आणि माझ्याकडे आलेल्या डब्यांपैकी बरेच त्यातच मार्गी लागले आहेत.

काडीची तपासणी

बांबूची टूथपिक घ्या. सुई नको, चाकू नको, तारेचा ब्रश तर अजिबात नको. हिरव्या जागी हलकेच टेकवा. माखलं तर ते तेलातुपाचं हिरवं. भुकटी होऊन गळलं तर ते मिठाचं. काडी घसरली, काहीच सुटलं नाही, तर तो जुना बसलेला थर आहे, त्याला हात लावू नका. पुढचा सगळा उपाय या उत्तरावर ठरतो. तेलकट हिरव्याला पाणी लावून उपयोग नाही आणि मिठाच्या हिरव्याला मेण लावलं तर चक्र मेणाखाली चालू राहतं, फक्त आपल्याला दिसत नाही.

मग डबा काळ्या कागदावर ठेवा आणि आठ दिवस हलवू नका. कागदावर फिकट हिरवी धूळ पडली तर रोग जिवंत आहे. नाही पडली तर जुनाच डाग आहे, घाई नाही. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, त्याच कोनातून, त्याच उजेडात. महिन्याभराने "वाढलंय का?" या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांपेक्षा फोटो खरं देतात.

डबा राहतो कुठे, आणि पोटात काय आहे?

देव्हाऱ्याजवळ ठेवलेल्या डब्यावर निरांजनातल्या तेलातुपाची वाफ बसते. ओट्याजवळच्या डब्यावर फोडणीची. हे तेल काही महिन्यांत आंबूस होतं आणि त्यातली स्निग्धाम्लं तांब्याशी मिळून तो मेणचट हिरवा थर तयार करतात. म्हणून पितळेला चमक यावी म्हणून खोबरेल तेल चोळण्याची सवय मला मुळीच पटत नाही. दोन दिवस डबा सुंदर दिसतो, पावसाळ्यात नक्षीत हिरवं लोणी साचतं.

डब्यात रबरबँड, जुने वर्तमानपत्र, लोकरीचा तुकडा असेल तर काढा. रबर आणि लोकर गंधक सोडतात, त्याने काळं पडतं. वर्तमानपत्राचा स्वस्त कागद आम्लधर्मी असतो. खारवलेली सुपारी किंवा मिठाचे खारे दाणे थेट पितळेत ठेवले असतील तर कारण तिथेच सापडलं. डबा लाकडी कपाटात बंद राहत असेल तर कपाट उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर लाकूडच आम्ल सोडतंय. नव्या प्लायवूडच्या कपाटात हे जास्त होतं.

घरात काचा पुसायला अमोनियावालं द्रव वापरता का? त्याचे तुषार डब्यावर उडू देऊ नका. अमोनिया पितळेला हिरवं-निळं करतो, हे तर आहेच. त्याहून वाईट म्हणजे ठोकून आकार दिलेल्या पितळेला तो भेगा पाडतो. ब्रिटिश राजवटीत हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली असत आणि ऋतू संपेपर्यंत ती मानेपाशी तडकलेली निघत. कारण होतं घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया, आणि पत्रा ओढून काडतूस बनवताना धातूत राहून गेलेला ताण. हे कोडं १९२१ साली इंग्लंडमधल्या धातुशास्त्रज्ञांनी नीट उलगडलं. आपल्या डब्याचं झाकणही पत्रा ठोकून वाकवलेलंच असतं. काठाला केसासारखी भेग दिसली तर मला सगळ्यात आधी अमोनियाचाच संशय येतो.

लोहचुंबक

फ्रिजवरचं चुंबक काढून डब्यावर फिरवा. पितळ चिकटत नाही. डब्याचा पूर्ण पत्राच चिकटला तर तो पितळी मुलामा दिलेला लोखंडी डबा आहे, आणि या लेखातले उपाय त्याला लागू नाहीत. पाणी तर त्याला अजिबात दाखवू नका. फक्त बिजागरीपाशी चिकटलं तर आतली पिन लोखंडाची आहे. जुन्या डब्यांत पिन कधीतरी बदललेली असते आणि हाताशी मिळाला तो खिळा घातलेला असतो. लोखंड आणि पितळ दमट हवेत एकमेकांना टेकले की लोखंड भराभर गंजतं, गंज फुगतो, बिजागरी आखडते. मग कोणीतरी झाकण जोर लावून उघडतं आणि कान तुटतो. झाकण जड जात असेल तर जोर लावणं आजच बंद करा.

मागची साफसफाई आठवा

आता थोडं अवघड, कारण याचं उत्तर आपल्याला आवडत नाही. डबा शेवटचा कशाने घासला होता? चिंच आणि मीठ, लिंबू आणि मीठ, आमसुलाचं पाणी, बाजारातली आंबट भुकटी. रोज वापरायच्या तांब्याला किंवा समईला हे चालतं, कारण त्यांचा पृष्ठभाग मोकळा असतो आणि वाहत्या पाण्यात धुऊन निघतो. डब्याला दुमडलेले काठ असतात, दुहेरी तळ असतो, झाळलेले सांधे असतात. आंबट पाणी तिथे आत शिरतं आणि बाहेर येत नाही. शिवाय चिंचेत भिजत ठेवलं की पृष्ठभागावरचं जस्त आधी निघून जातं आणि तांबं उघडं पडतं, तेच ते गुलाबी डाग. हे डाग परत पिवळे होत नाहीत. घासून घालवायचे म्हणजे पत्रा झिजवायचा.

दुसरा प्रश्न, गेल्या वर्षभरात कल्हई केली का? कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतो, त्याने पृष्ठभाग साफ होऊन कथील बसतं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यात अमोनियाही आला आणि क्लोराइडही. पातेलं लगेच धुतलं जातं आणि रोज घासलं जातं म्हणून काही होत नाही. पण डब्याच्या दुमडीत राहिलेला नवसागर महिन्याभरात काठाखालून हिरवा बाहेर येतो. "आत्ताच तर कल्हई केली" असं म्हणत आलेले डबे मी पाहिले आहेत, आणि कल्हई अगदी उत्तम झालेली होती. राहिलं होतं ते फक्त धुणं.

पांढरं कवच असेल तर ते दोनपैकी एक. चुनाळं ठेवायच्या जागी असेल तर चुनाच, हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन दगड झालेला. नक्षीत असेल तर वाळलेली पॉलिशची भुकटी. दोन्ही स्वतः फार त्रास देत नाहीत, पण ओल धरून ठेवतात. लाकडी काडी आणि मऊ ब्रशने जेवढं निघेल तेवढं काढा. चुन्याला आम्ल लावून विरघळवायचा मोह होईल, तो आवरा.

आता थोडा खर्च: धुणं आणि वाळवणं

हे फक्त निव्वळ पितळेच्या डब्यासाठी. आत मखमल, लाकूड, लाखेचं भरण, लोखंडी पिन, मीना किंवा दुसऱ्या धातूचं जडावकाम असेल तर ही पायरी सोडा.

तेलकट हिरवं असेल तर इअरबडला थोडं सर्जिकल स्पिरिट लावून एकेक खाच पुसा. बड हिरवा झाला की टाका, तोच परत फिरवू नका. आधी तळाला, न दिसणाऱ्या जागी करून बघा. डब्यावर चपड्याचं, म्हणजे लाखेचं, जुनं पॉलिश असेल तर स्पिरिटने ते चिकट होतं, तसं झालं तर थांबा. खिडकी उघडी ठेवा, गॅस आणि निरांजन बंद ठेवा.

मिठाचं हिरवं असेल तर डिस्टिल्ड वॉटर आणा. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन स्वस्तात मिळतो. लेबल नीट वाचा, त्याच दुकानात बॅटरीचं आम्लही असतं. नळाचं पाणी नको, कारण ते शुद्ध करायला क्लोरीन घातलेलं असतं आणि आपल्याला क्लोराइडच काढायचा आहे. भुकटी आधी कोरडीच काडीने काढा आणि मग डबा प्लॅस्टिकच्या टबात बुडवा. पाणी रोज बदला, चार-पाच दिवस. क्लोराइड खड्ड्यांच्या तळाशी असतो, हळूहळू पाण्यात उतरतो, म्हणून एकदा धुऊन भागत नाही. पाणी निळसर झालं किंवा डब्याचा रंग बदलायला लागला तर लगेच बाहेर काढा.

वाळवणं धुण्याइतकंच महत्त्वाचं, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. फडक्याने पुसून कपाटात ठेवला म्हणजे दुहेरी तळात पाणी राहिलंच. पुसा, मग हेअर ड्रायरची कोमट हवा प्रत्येक सांध्यात पाच-पाच मिनिटं, मग झाकण उघडं ठेवून दिवसभर उन्हात. गॅसवर धरू नका. जुनी झाळ कथील-शिशाची असते आणि फार कमी उष्णतेला वितळते. डबा हातात सुटा होतो.

नंतर मोठ्या हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या रंगीत दाण्यांसोबत दोन-तीन आठवडे ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. परत काळा कागद, परत आठ दिवस. कागद स्वच्छ राहिला तर जिंकलात. नाही राहिला तर हे सगळं आणखी एकदाच करा. त्यानंतरही भुकटी आली तर घरचा उपाय संपला.

स्वच्छ राहिलेल्या डब्याला मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा अगदी पातळ हात द्या. संग्रहालयांत धातूवर हेच वापरतात. साधं मधमाश्यांचं मेण थोडं आम्लधर्मी असतं, म्हणून मी ते टाळते. डबा किंचित कोमट असताना मेण लावायचं, दहा मिनिटांनी मऊ सुती फडक्याने चोळायचं. वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, एवढं पुरतं.

जाळ्यासारखे फाटे असलेल्या चकचकीत डब्याची गोष्ट वेगळी. त्यावर दुकानदाराने पारदर्शक लॅकर मारलेलं असतं. कुठेतरी ओरखडा पडतो, ओल त्यातून आत शिरते आणि लॅकरखाली पसरते. वरून कितीही घासा, तुम्ही लॅकर घासताय. ते अ‍ॅसिटोनने निघतं, पण पूर्ण निघालं पाहिजे, ठिगळाठिगळाने काढलं तर डब्याचे दोन रंग होतात. मोठा डबा असेल तर मी हे काम घरी करत नाही.

वापरायचा असेल तर

डबा शोकेसमध्येच ठेवा असं मी कधीच म्हणत नाही. माझ्या आजीचा डबा आजही मंगळागौरीला बाहेर येतो. फक्त चुना स्टीलच्या छोट्या डबीत, ओली पानं ओल्या फडक्यात बांधून शेजारी तबकात, आणि डब्याच्या कप्प्यांत काचेच्या किंवा स्टीलच्या वाट्या. लवंग, वेलदोडे, कोरडी सुपारी वाट्यांत राहतात. जुन्या पितळेत आणि झाळेत शिसं असू शकतं, म्हणून खाण्याचं काहीही थेट धातूला लावू नका. कार्यक्रम संपला की वाट्या काढा, कोरड्या फडक्याने हातांचे ठसे पुसा. घामातही मीठ असतं.

इथे थांबा

भेग दिसली की थांबा. ती झाळून बुजवायला निघालात तर उष्णतेने पुढे पळते. खड्डा आरपार गेला असेल, बिजागरीची पिन गंजून बसली असेल, सांधा सुटला असेल तर थांबा. डब्यावर मीना, चांदीची तार, नाव किंवा सनावळी कोरलेली असेल तर पहिल्या काडीच्या तपासणीनंतरच थांबा. काळ्या पृष्ठभागावर चांदीची नक्षी असेल तर ते पितळ नसून बिदरीकाम असण्याची शक्यता मोठी. त्याचा मूळ धातू जस्ताचा असतो आणि तो काळा रंग मुद्दाम आणलेला असतो. लिंबाने एका दुपारीत तो जातो.

पिन बदलणं, कान बसवणं, दबलेला पत्रा सरळ करणं, हे कसबी तांबटाचं काम. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी आहे, बाकी गावांत कासारांकडे चौकशी केली की माणूस सापडतो. त्याला आधीच दोन गोष्टी सांगा: तेजाब (आम्ल) लावू नका, बफ मारू नका. बफच्या चाकावर डबा पाच मिनिटांत सोन्यासारखा होतो आणि पन्नास-शंभर वर्षांची कोरलेली रेघ बोथट होते. मठारकामाचे, म्हणजे हातोडीने पाडलेले, ठोकेही झिजतात. ते परत आणता येत नाहीत. नवी पिन पितळेचीच घाला, हेही सांगा.

जिवंत हिरवी भुकटी दुसऱ्या धुण्यानंतरही येत असेल तर तांबटाकडेही नेऊ नका, धातूच्या जतनतज्ज्ञाकडे न्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-जतनाचं केंद्र आहे, तिथे चौकशी करता येते. हे लोक बेन्झोट्रायझोल नावाचं द्रव्य वापरून क्लोराइडचं चक्र दाबतात. ते इंटरनेटवर विकत मिळतं म्हणून घरी आणू नका, विषारी आहे आणि हातमोजे-मास्क-हवेशीर जागा याशिवाय त्याला हात लावायचा नसतो.

परदेशी राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट, कारण हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, मग ती तुमच्या पणजीची का असेना. डबा तेवढा जुना नाही अशी खात्री असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसं प्रमाणपत्र घेऊनच बॅगेत भरा.

तज्ज्ञाकडे जाताना डबा घासून, पुसून नेऊ नका. आहे तसा, कोरड्या सुती कापडात गुंडाळून न्या. काळ्या कागदावर पडलेली भुकटी त्याच कागदाची पुडी करून सोबत ठेवा, महिन्याभराचे फोटो ठेवा, आणि गेल्या काही वर्षांत डब्याला काय काय लावलं ते आठवून एका चिठ्ठीवर लिहा, चिंच, तेल, पॉलिश, कल्हई, सगळं.